इलेक्ट्रिक गिटारची मशीन हेड्स घरी बदलताना: क्लूसन, बंदिस्त की लॉकिंग?

इलेक्ट्रिक गिटारचे सूर टिकत नाहीत अशी तक्रार सुरू झाली की संशय प्रथम मशीन हेड्सवर, म्हणजे तारा ताणून सूर लावणाऱ्या आणि दुकानात ‘ट्यूनिंग कीज’ म्हणून मागितल्या जाणाऱ्या त्या सहा यंत्रांवर जातो. ती घरी बदलता येतात, त्यासाठी सोल्डरिंग लागत नाही आणि पिकअपच्या तारांना हात लावावा लागत नाही. म्हणूनच स्वतः करण्याजोग्या कामांत हे काम अनेक वादकांना सर्वांत सोपे वाटते. बाजारात मुख्यतः तीन पर्याय आहेत: जुन्या धाटणीची क्लूसन पद्धतीची, ओतीव कवचात बंदिस्त असलेली आणि तार पकडून ठेवणारी लॉकिंग मशीन हेड्स. त्यांची तुलना करताना गिअर रेशो आणि ब्रँड यांची चर्चा भरपूर होते, पण निवड खऱ्या अर्थाने ठरवतात ती आपल्या गिटारच्या हेडस्टॉकला, म्हणजे मानेच्या टोकाच्या भागाला, आधीपासून पाडलेली भोके.

त्याआधी बदलण्याची गरज आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. मशीन हेडच्या आत मळसूत्री आटे असलेला एक छोटा दांडा आणि त्यात अडकलेले दातेरी चाक असते. बटण फिरवले की दांडा चाकाला फिरवतो, परंतु चाक दांड्याला उलट फिरवू शकत नाही, कारण त्या जोडणीतील घर्षणच तसे होऊ देत नाही. याचा अर्थ असा की तारेचा ताण कितीही असला तरी धड अवस्थेतील मशीन हेड आपोआप सैल पडत नाही, मग ते स्वस्त असो वा महाग. सूर उतरण्याची कारणे बहुधा अन्यत्र असतात: पोस्टवर, म्हणजे तार ज्यावर गुंडाळली जाते त्या खुंटीवर, घातलेले वेढे नीट बसलेले नसतात, नवी तार अजून ताणली जात असते किंवा नटच्या (मानेच्या टोकाला तारांना आधार देणाऱ्या पट्टीच्या) खाचेत तार अडकत असते. सूर चढवताना ‘टिंग’ असा आवाज येऊन स्वर एकदम उडी मारत असेल, तर दोष नटचा आहे. अशा वेळी खाचेत पेन्सिलचे शिसे घासणे किंवा खाच योग्य जाडीच्या फाइलने साफ करणे हा उपाय जवळजवळ फुकटात होतो. नवी मशीन हेड्स बसवूनही हा आवाज तसाच राहील.

मशीन हेड खरोखर झिजले असेल तर बटण दोन्ही बाजूंना थोडे हलवताना पोस्ट न फिरता बरीच मोकळी जागा जाणवते, किंवा पोस्ट बोटाने ढकलल्यावर बुशिंगमध्ये, म्हणजे पोस्टला भोकात धरणाऱ्या धातूच्या कड्यात, डगमगते. थोडी ढिलाई नव्या यंत्रातही असते आणि सूर नेहमी खालून वर चढवत आणला की ती त्रास देत नाही. अनेक बंदिस्त मशीन हेड्सच्या बटणाच्या टोकाला एक छोटा स्क्रू असतो. तो किंचित आवळल्याने बटणाचा सैलपणा जातो, हे खरेदीच्या आधी करून पाहावे.

तीन पर्याय, शेजारी शेजारी

क्लूसन पद्धतीच्या मशीन हेडचे कवच पत्र्याचे असते आणि बुशिंग हेडस्टॉकच्या पुढच्या बाजूने भोकात दाबून बसवलेले असते. १९५४ मध्ये आलेल्या फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर हीच होती, आणि गिब्सन कंपनीच्या त्या काळातील लेस पॉल गिटारवरही क्लूसनचीच होती. फेंडरच्या धाटणीत पोस्टला मधोमध चीर असून खाली भोक असते. तार आधी लांबी ठरवून कापायची, टोक त्या भोकात घालायचे आणि मग वेढे द्यायचे. त्यामुळे टोक बाहेर येऊन बोटाला टोचत नाही, हा या जुन्या रचनेचा एक फायदा फारसा सांगितला जात नाही. ही यंत्रे हलकी असतात. मात्र कवच पूर्ण बंद नसल्याने आत धूळ आणि दमटपणा शिरतो. अनेकांच्या पाठीला तेलाचा थेंब सोडण्यासाठी छोटे छिद्र दिलेले असते ते याचसाठी. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत समुद्रालगत राहणाऱ्या वादकाने, ज्याची गिटार पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे खोलीत उघडी असते, हा मुद्दा दिसण्याच्या मोहापेक्षा वर ठेवावा. निकेलचा मुलामा अशा हवेत लवकर काळवंडतो, क्रोमचा अधिक टिकतो, आणि सोनेरी मुलामा हात लागून लागून आधी उडतो.

बंदिस्त मशीन हेडमध्ये गिअर ग्रीससह ओतीव कवचात कायमचा बंद असतो. अमेरिकेच्या ग्रोव्हरचे रोटोमॅटिक आणि जर्मनीच्या शालरचे एम ६ ही या प्रकाराची सर्वपरिचित उदाहरणे आहेत, आणि जपानच्या गोतोची यंत्रे आज अनेक देशांतील गिटारांवर दिसतात. समोरून आट्यांची षटकोनी कॉलर आवळून हे यंत्र हेडस्टॉकला घट्ट धरले जाते, मागचा छोटा स्क्रू किंवा पिन केवळ ते गोल फिरू नये म्हणून असते. देखभाल जवळपास शून्य. तोटा वजनाचा आहे: सहा यंत्रांच्या संचात क्लूसनच्या तुलनेत बऱ्याच ग्रॅमांची भर पडते, आणि जिची मान आधीच खाली झुकते अशा गिब्सनच्या एसजी धाटणीच्या गिटारवर ती भर पट्टा लावून उभे राहिल्यावर जाणवते. जड हेडस्टॉकने नाद लांबतो असा दावा वारंवार केला जातो. त्या भरवशावर पैसे खर्च करावेत असे मला वाटत नाही.

लॉकिंग मशीन हेडचा गिअर बहुधा बंदिस्त प्रकाराचाच असतो. फरक पोस्टमध्ये आहे: आतील एक पिन तारेला दाबून धरते, त्यामुळे दोन-तीन वेढ्यांऐवजी एका वेढ्याहून कमी गुंडाळणी पुरते. स्पर्झेलमध्ये आणि शालरच्या लॉकिंग यंत्रांत मागचे चाक बोटांनी आवळून तार पकडली जाते, तर गोतोच्या मॅग्नम लॉकमध्ये सूर चढवायला सुरुवात केली की पकड आपोआप बसते. वेढेच नसल्याने ते सरकण्याचा प्रश्न उरत नाही आणि ट्रेमोलोचा (तारांचा ताण कमी-जास्त करून स्वर हलवणाऱ्या यंत्रणेचा) दांडा दाबून सोडल्यावर तार आपल्या जागी अधिक नेमकेपणाने परतते. याचा अर्थ असा नव्हे की लॉकिंग यंत्र ‘सूर धरून ठेवते’. गिअर सूर तितकाच धरतो जितका साध्या बंदिस्त यंत्राचा. लॉकिंगने केवळ एक कारण दूर होते. स्थिर ब्रिजच्या, म्हणजे तारांचा खालचा आधार न हलणाऱ्या, गिटारवर त्याचा लाभ मुख्यतः तार पटकन बदलता येण्यापुरता आहे, आणि फ्लॉइड रोझसारख्या ट्रेमोलो व्यवस्थेत, जिथे तार नटजवळच पकडली जाते, तिथे तो जवळपास काहीच नाही.

गिअर रेशोबद्दल थोडक्यात: १४:१ म्हणजे बटणाच्या चौदा फेऱ्यांत पोस्टची एक फेरी. १८:१ मध्ये सूर बारकाईने लावता येतो, पण तार चढवताना बटण जास्त वेळा फिरवावे लागते. दोन्ही चालतात. चांगल्या प्रतीचे १५:१ हे निकृष्ट प्रतीच्या १८:१ पेक्षा केव्हाही सुखद वाटते, कारण बोटांना जाणवतो तो गिअरचा गुळगुळीतपणा.

भोकांचा प्रश्न

आधुनिक बंदिस्त आणि लॉकिंग यंत्रांना साधारण १० मिमीचे भोक लागते. जुन्या धाटणीच्या दाबून बसवायच्या बुशिंगसाठी ते सुमारे ८.७ मिमी असते. काही फेंडर गिटारांत भोक दोन पायऱ्यांचे असते, म्हणजे त्याची पुढची आणि मागची रुंदी वेगळी असते. म्हणून खरेदीच्या आधी एक मशीन हेड काढून भोक पुढून आणि मागून व्हर्नियर कॅलिपरने मोजावे; पट्टीने केलेले मोजमाप येथे पुरत नाही. त्याच वेळी आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, यंत्र कशाने अडवले आहे: सरळ रेषेतील स्क्रू, तिरक्या कोनातील स्क्रू की फेंडरच्या अनेक नव्या गिटारांवरील दोन पिना. दुसरी, सहाही एका ओळीत आहेत की तीन-तीन, आणि एका ओळीत असल्यास हेडस्टॉक उजवा आहे की उलटा. तिसरी, शेजारच्या दोन पोस्टमधील अंतर, कारण मोठ्या कवचाची यंत्रे एका ओळीत बसवताना एकमेकांना खेटतात. क्लूसन धाटणीत तर शेजारच्या दोन यंत्रांना एकच सामाईक स्क्रू धरतो.

या मोजमापांतून उत्तर बहुधा आपोआप निघते. १० मिमीचे भोक असेल, तर बंदिस्तवरून लॉकिंगकडे जाणे हे केवळ काढ-घाल करण्याचे काम असते. १० मिमीच्या भोकात क्लूसन बसवायची असल्यास रूपांतराची बुशिंग मिळतात. अडचण उलट दिशेने आहे: ८.७ मिमीचे भोक १० मिमीपर्यंत वाढवायचे म्हणजे लाकूड कायमचे काढणे. १९६० च्या दशकात असंख्य लेस पॉलवरून मूळ क्लूसन काढून भोके मोठी करून ग्रोव्हर बसवली गेली, आणि त्या गिटारांची किंमत आज संग्राहकांच्या बाजारात मूळ स्थितीत राहिलेल्या गिटारांपेक्षा कमी लागते. आपली गिटार संग्रहात जाणारी नसली तरी जुन्या मापात बसणारी लॉकिंग यंत्रे मिळत असताना रीमर (भोक रुंद करण्याचे हत्यार) हातात घेण्याचे कारण मला दिसत नाही. स्क्रूच्या जागेचा प्रश्न असेल, तर हिपशॉटची सर्व मापांना जुळणारी पट्टी मागे लावून नवे छिद्र न पाडता काम भागते.

फेंडरच्या सपाट, न झुकलेल्या हेडस्टॉकसाठी आणखी एक बाब विचारात घ्यावी. तिथे नटवरून तार पुरेशा कोनात खाली जावी म्हणून बारीक तारांवर स्ट्रिंग ट्री, म्हणजे तार खाली दाबून धरणारा छोटा आकडा, लावलेली असते, आणि तीच घर्षणाची जागा होते. पोस्टची उंची क्रमाने कमी होत जाणारा संच घेतल्यास हा कोन पोस्टमुळेच मिळतो आणि ट्रीची गरज कमी होते. गिब्सनच्या मागे झुकलेल्या हेडस्टॉकला अशा संचाची गरज नसते.

स्वतः करावे की कारागिराकडे द्यावे

भोक, स्क्रू आणि रांग तिन्ही जुळत असतील तर हे काम तासाभराचे आहे आणि कारागिराला पैसे देण्याचे कारण नाही. तारा सैल करून काढाव्यात, समोरची कॉलर १० मिमीच्या पान्याने सोडवावी, मागचा स्क्रू काढावा आणि यंत्र बाहेर घ्यावे. नवे बसवताना आधी कॉलर हातानेच फिरवून सर्व यंत्रे ओळीत आणावीत, मग स्क्रू लावावेत आणि शेवटी पान्याने बेताचे आवळावे, कारण जास्त जोर दिल्यास आटे मरतात किंवा वॉशरखालचा रंग दबून फुटतो.

स्क्रूसाठी नवे छिद्र पाडावे लागत असेल तर काळजी वाढते. हे स्क्रू इतके बारीक असतात की कठीण मेपलमध्ये छिद्राशिवाय दाबून फिरवल्यास डोके तुटते आणि उरलेला भाग लाकडात अडकून बसतो. स्क्रूच्या गाभ्याइतक्या जाडीच्या ड्रिलने, खोली कळावी म्हणून ड्रिलवर मास्किंग टेप गुंडाळून छिद्र पाडावे आणि आट्यांना थोडे मेण लावावे. जुने छिद्र नको त्या जागी असल्यास टूथपिक आणि लाकडाचा गोंद भरून पूर्ण सुकू द्यावा. दाबून बसवलेली जुनी बुशिंग रंगाला चिकटलेली असतात. ती पुढून पक्कडीने उपटू नयेत, मागून लाकडी दांडी लावून हलक्या हाताने पुढे ढकलावीत.

भोक वाढवायचे असेल तर मात्र मी गिटार कारागिराकडे देईन. साध्या ड्रिलचा पाता जाड पॉलिएस्टर रंगाला धरून ओढतो आणि भोकाभोवतीचे कपचे उडवतो. त्यासाठी निमुळता रीमर, अनुभवी हात आणि सहाही भोके एकसारखी करण्याचा संयम लागतो. कारागिराची मजुरी नव्या हेडस्टॉकच्या रंगकामापेक्षा नक्कीच कमी पडते.

खर्चाच्या बाबतीत भारतात बिनब्रँडचे बंदिस्त संच स्वस्तात मिळतात, तर गोतो, शालर, ग्रोव्हर यांचे संच त्यांच्या कित्येक पट महाग पडतात आणि परदेशातून मागवल्यास आयात शुल्क वेगळे लागते. बिनब्रँडचे साधे बंदिस्त यंत्र तात्पुरते चालून जाते. बिनब्रँडचे लॉकिंग यंत्र मात्र मी टाळेन, कारण त्यात पिन आणि चाक असे आणखी दोन भाग निकृष्ट धातूचे निघू शकतात. पैसे मर्यादित असतील तर नामांकित साधा बंदिस्त संच आणि नीट कापलेला नट ही जोडी स्वस्त लॉकिंग संचापेक्षा सरस ठरते. ट्रेमोलो सतत वापरणाऱ्याने, आणि ज्याची भोके १० मिमीची आहेत त्याने, गोतो किंवा शालरचा लॉकिंग संच खुशाल घ्यावा. ८.७ मिमीच्या भोकांची, स्थिर ब्रिजची आणि चालू स्थितीतील क्लूसन असलेली गिटार ज्याच्याकडे आहे, त्याने तेलाचा एक थेंब सोडावा, तारा नव्या घालाव्यात आणि संच विकत घेऊ नये.