फ्री डिशचा बॉक्स कोणता घ्यावा? दुकानदाराकडून ऐका

"फ्री डिशचा बॉक्स द्या, स्वस्तातला." गिऱ्हाईक दुकानात शिरताना हेच म्हणतं. पाटण तालुक्यात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. कोयनेच्या आणि मोरणेच्या खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर केबल पोचत नाही आणि दर महिन्याचं रिचार्ज सगळ्यांना झेपत नाही. काड्यांच्या अँटेनावर दूरदर्शन दिसायचं, ते दिवसही गेले. जमिनीवरची जुनी प्रक्षेपणं दूरदर्शनने जवळपास सगळी बंद केली. उरली ती छत्री, म्हणजे उपग्रहाकडून सिग्नल घेणारी डिश. २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली ही सेवा आज डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाते, आणि तिला महिन्याचा एक रुपया लागत नाही. खर्च होतो तो एकदाच, छत्री आणि बॉक्सवर. म्हणून तो बॉक्स नीट बघून घ्यावा.

बाजारात आज दोन जातीचे बॉक्स मिळतात. एक एमपीईजी-२ चा, दुसरा एमपीईजी-४ चा. ही चित्र दाबून लहान करून पाठवायच्या पद्धतींची नावं: २ जुनी, ४ नवी. बाहेरून दोघांत फरक कळत नाही, रिमोटसुद्धा सारखेच. एमपीईजी-२ चा तीन-चारशे रुपयांनी स्वस्त पडतो आणि त्या फरकापायीच लोक तो उचलतात. माझं मत स्पष्ट आहे: नवीन घेत असाल तर तो घेऊ नका. दुकानात मी तो ठेवणंच बंद केलंय.

कारण साधं आहे. एमपीईजी-४ चा बॉक्स जुन्या पद्धतीच्या वाहिन्या दाखवतो आणि नव्या पद्धतीच्याही. एमपीईजी-२ वाल्याला नव्या पद्धतीच्या वाहिन्या दिसतच नाहीत, यादीतसुद्धा येत नाहीत. अभ्यासाच्या स्वयंप्रभा वाहिन्या नव्या पद्धतीवर आहेत, एचडी चित्रही त्याच बाजूला. घरात शिकणारं पोर असेल आणि डोंगराआड मोबाइलला रेंज नसेल, तर या वाहिन्या फार मोलाच्या आहेत. तीनशे रुपये वाचवून पोराची तेवढी सोय घालवू नये, हे मी प्रत्येक आईबापाला सांगतो. खोक्यावर "डीव्हीबी-एस२" (उपग्रहावरून सिग्नल पाठवायची नवी पद्धत) आणि "एमपीईजी-४" हे दोन्ही शब्द छापलेले आहेत का, तेवढं बघा. नुसतं "एचडी" लिहिलंय म्हणून भुलू नका.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे मागची भोकं. घरात जुना डबा टीव्ही असेल तर पिवळी-लाल-पांढरी अशा तीन पिनांची सोय लागते. हल्ली हाताच्या पंज्याएवढे छोटे बॉक्स आलेत. त्यांना एचडीएमआय, म्हणजे नव्या टीव्हीला एकाच वायरने चित्र-आवाज देणारं चपटं भोक, असतं आणि तीन पिनांऐवजी एकच बारीक भोक. त्याची वायर खोक्यात आहे का, ते दुकानातच उघडून बघा, कारण ती सुटी लवकर मिळत नाही. एलईडी टीव्ही असेल तर एचडीएमआयच लावा आणि मेनूत चित्राचा आकार १६:९ करा. नाहीतर बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा आडवा पसरतो आणि लोक म्हणतात टीव्ही बिघडला.

तिसरा पर्याय, टीव्हीतच ट्यूनर, म्हणजे सिग्नल पकडणारा भाग आतच बसवलेला. नव्या काही टीव्हींना मागे आट्याची जागा असते, छत्रीची केबल थेट तिथे पिळायची. बॉक्स नाही, दुसरा रिमोट नाही. म्हाताऱ्या माणसांना हे सगळ्यात सोपं, आणि माझ्या मते नवीन टीव्ही घेणाऱ्याने हेच बघून घ्यावं. पण साध्या अँटेनाची जागा आणि सॅटेलाइटची जागा वेगळी असते. माहितीपत्रकात डीव्हीबी-एस२ लिहिलेलं नसेल, तर विक्रेता काहीही म्हणो, फ्री डिश त्यावर थेट चालणार नाही.

आता बसवण्याबद्दल, कारण बॉक्सच्या नावाने होणाऱ्या निम्म्या तक्रारी छत्रीच्या असतात. आपला उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. आपल्या भागातून तो आग्नेयेला दिसतो, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर. छत्री मात्र एवढी वर तोंड करून बसलेली दिसत नाही, कारण एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा डबा, मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. तिची खरी नजर दिसते त्यापेक्षा बरीच वर असते. त्यामुळे समोरची भिंत आड येत नाही, पण आग्नेयेचं आंब्याचं झाड आड येतं. उन्हाळ्यात छत्री लावली आणि पावसात फांद्या भरल्या की चित्र फुटायला लागतं.

बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथची पट्टी छत्री भलतीकडे असली तरी भरलेली दिसू शकते. क्वालिटी वर आली तरच उपग्रह सापडला. छत्री बोटभर सरकवायची, दम धरायचा, पट्टी बघायची. बॉक्सला सिग्नल पकडायला क्षणभर लागतो. मग एलएनबी त्याच्या पकडीत थोडा फिरवून बघायचा, त्यानेही क्वालिटी चढते. नव्या बॉक्सवर काहीच सापडत नसेल तर आधी मेनूत एलएनबीची सेटिंग बघा: ९७५०/१०६०० म्हणजे युनिव्हर्सल असायला हवं.

कोयनेचा पाऊस कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. जोराच्या सरीत चित्र जातं, त्यात बॉक्सचा दोष नसतो. या लहरीच पावसात क्षीण होतात. ६० सेंटिमीटरऐवजी ७५ किंवा ९० ची छत्री लावली तर चित्र उशिरा जातं आणि लवकर परत येतं. घाटमाथ्याजवळच्या गावांना मी मोठीच सुचवतो.

दर १ एप्रिलच्या आसपास वाहिन्यांची यादी बदलते. खासगी वाहिन्या दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या लिलावात जागा घेतात, वर्ष संपलं की काही जातात, काही येतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते, सोनी पल एकदम गेल्या, तेव्हा कितीतरी जण बॉक्स काखेत मारून दुकानात आले होते. बॉक्स ठीकच होते. एप्रिल उजाडला की मेनूत जाऊन नव्याने स्कॅन करा, एसटीचं भाडं वाचेल.

आणि तीनशे रुपये वाचवायचेच असतील तर केबल आणि पिनांत वाचवू नका. एलएनबीजवळची पिन उघडी राहिली की पाणी शिरतं, आतली तांब्याची तार हिरवी पडते आणि नवाकोरा बॉक्ससुद्धा "नो सिग्नल" दाखवतो. पिन घट्ट पिळा, वरून रबरी टेप गुंडाळा, आणि केबल एलएनबीखाली थोडी लोंबती ठेवा म्हणजे पाणी तिथून खाली गळेल.