गाडी विकताना ‘मीटर मागं घेतलंय’ म्हणणाऱ्या एजंटापासून सावध

कोल्हापुरात कुणी जुनी गाडी विकायला काढली असेल तर हे वाचा, आमच्या मामांना कसं गंडवलं ते सांगतो. २०१४ ची वॅगन आर, एमएच ०९ पासिंग, फर्स्ट ओनर आणि रनिंग फक्त ३१ हजार, कारण मामा रिटायर माणूस, गाडी निघणार ती बाजाराला नाहीतर जोतिबाला, बास. पण दिसायला बेकार. मंगळवार पेठेतल्या बोळात लावायची, येणारा-जाणारा टू-व्हीलरवाला घासून जाणार, दोन्ही साईडला स्क्रॅच आणि उन्हानं टपाचा रंग उडालेला. इंजिन मात्र एक नंबर.

एजंट घरी आला, मीटर बघितलं आणि हसला. "मामा, रंगाची ही अवस्था आणि मीटर एकतीस? कुणीतरी मागं घेतलंय हे." म्हणजे गाडी कमी पळालीय असं दाखवायला किलोमीटरचा आकडा उलटा फिरवलाय. मामा भडकले, सर्व्हिसची सगळी बिलं पुढं टाकली, दरवेळचं किलोमीटर त्यावर लिहिलेलं असतंय, पण हा बघायलाच तयार नाही. अडीच लाखाची अपेक्षा होती, एक नव्वदवर आणलं. मामी म्हणत होती राहू दे, पण पोराकडं पुण्याला जायची घाई होती आणि ती त्यानं बरोबर हेरली.

दीड लाख खात्यावर टाकले, चाळीस हजार "नाव ट्रान्सफर झालं की". टीटी फॉर्मवर, म्हणजे नाव ट्रान्सफरच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर, सह्या घेतल्या, घेणाऱ्याचं नाव कोरं. आरसी, दोन्ही चाव्या आणि ती बिलंसुद्धा घेऊन गेला.

पुढं मामांच्या मोबाईलवर ई-चलन आलं, हायवेला ओव्हरस्पीड! आयुष्यात साठच्या वर न गेलेला माणूस. आणि मग ऑनलाईन जाहिरात सापडली, रबिंग पॉलिश मारलेली, बंपर रंगवलेला तीच गाडी, "जेन्युइन ३१ हजार रनिंग, फुल सर्व्हिस रेकॉर्ड", फोटोत मामांचीच बिलं, किंमत दोन पंच्याऐंशी. म्हणजे घेताना मीटर खोटं आणि विकताना खरं.

चलनाचे पैसे जातील एकवेळ, पण अपघात झाला असता तर? २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की आरटीओच्या रेकॉर्डला ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, मधे गाडी कितीही हात फिरू दे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणं राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतंय, हे एजंट कधी सांगणार नाही. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं ऑथरायझेशन लागतंय, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिली की तसं कळवणारा फॉर्म २९सी आरटीओच्या पोर्टलवर भरायचा, तिथनं पुढची जबाबदारी त्याची. आम्ही नंतर विचारलं तर म्हणे "ते मोठ्या शोरूमवाल्यांना असतंय." साफ खोटं. कोऱ्या फॉर्मवर सही मागितली की गाडी आत लावा आणि दुसरं गिऱ्हाईक बघा, नावाची जागा भरलेली, घेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स आणि तारीख-वेळ घातलेली डिलिव्हरी नोट हातात आल्याशिवाय चावी सोडू नका.

राहिलेल्या पैशाला "पार्टीनं दिले नाहीत अजून" चालू होतं, मग नंबर ब्लॉक. आरटीओत आणि पोलीस ठाण्यात अर्ज दिल्यावर मात्र स्वतःहून फोन, "मामा, आपण घरातली माणसं, एवढं कशाला?" पंधरा हजार पाठवलेत. पंचवीस अजून यायचेत आणि गाडीची नोंद दाखवणाऱ्या ॲपवर मालक म्हणून अजून मामांचंच नाव दिसतंय.