जेल की साधं नेलपेंट? हाताने जेवणाऱ्यांनी आधी हे वाचा

लग्नसराई आली की मैत्रिणी, मावसबहिणी, ऑफिसमधल्या नव्या मुली, सगळ्यांचं एकच, "जेल करून घेऊ का गं, की घरीच लावू?" मी दोन्ही मनापासून वापरलंय, मधली ती सोलून निघणारी पील-ऑफवाली आणि 'जेल फिनिश' लिहिलेली बाटलीसुद्धा. मी कुठल्या बाजूची ते पुढे कळेलच, पण तुमचे हात, तुमचं काम, तुमचं किचन वेगळं असू शकतं, म्हणून जेलचं जे खरंच छान आहे ते आधी सांगते.

वाळायची वाट बघावी लागत नाही, हे जेलचं सगळ्यात मोठं सुख. साधं नेलपेंट वाळतं म्हणजे त्यातलं इथाइल अ‍ॅसिटेट, ब्युटाइल अ‍ॅसिटेट वगैरे सॉल्व्हंट उडून जातं आणि रंगाचा पापुद्रा नखावर राहतो. वरून हात लावला तर वाळलेलं वाटतं पण आतून कितीतरी वेळ मऊच असतं, म्हणून तर रात्री अकराला लावून झोपलं की सकाळी नखावर चादरीची वीण उमटलेली दिसते. जेल असं वाळत नाही, पार्लरमधल्या यूव्ही किंवा एलईडी लॅम्पखाली जागच्या जागी कडक होतं, एकेका कोटला मिनिटभर. पार्लरमधून उठायचं, पर्समध्ये हात घालून किल्ली शोधायची, स्कूटर काढायची, काही होत नाही. चमकही दोन-अडीच आठवडे तशीच राहते, भांडी घासा, कपडे पिळा, टोकं उडत नाहीत. साध्या नेलपेंटची टोकं माझ्याकडे तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरी दिसायला लागतात, भाकऱ्या थापल्या तर त्याआधीच. इथे जेल जिंकतं, त्यात वादच नाही.

तरी मी आता जेल करत नाही, आणि त्याचं कारण आहे हळद.

झालं असं की मी हौसेने अबोलीच्या जवळ जाणारा एक फिका पीच शेड करून घेतला होता, नखं इतकी सुरेख दिसत होती की मीटिंगमध्ये पण माझं लक्ष हातांकडेच. रविवारी घरी वरण-भात, बटाट्याची पिवळी भाजी, हाताने जेवण, जसं आपण जेवतो तसं. संध्याकाळी दोन्ही हात शेजारी ठेवले तर डाव्या हाताचा रंग पार्लरमधून आणला तसाच आणि उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट पिवळट. करंगळी मात्र स्वच्छ, कारण घास घेताना तिचं काम नसतं. एकाच माणसाच्या हाताला दोन छटा! साबण झाला, लिंबू झालं, बेसन झालं, काही उपयोग नाही. हळदीतलं करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, ते विरघळतं तेलात आणि अल्कोहोलमध्ये, म्हणजे फोडणीत पडलेली हळद तेलासोबत जेलच्या टॉप कोटमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पारदर्शक थरात, शिरते आणि मग तुम्ही पाण्याने कितीही हात धुवा. सॅनिटायझरने पुसलं की थोडं उतरतं हे खरं आहे, उन्हाने पण फिकं पडतं (कपड्यावरचा हळदीचा डाग आपण उन्हातच टाकतो ना), पण पूर्ण गेलेलं मी तरी पाहिलं नाही. काही पार्लरवाल्या म्हणतात चांगला टॉप कोट असेल तर डाग धरत नाही, असेलही, माझ्या नखांवर वेगवेगळ्या पार्लरचे टॉप कोट आले आणि कमी-जास्त सगळेच पिवळे झाले.

आता तुम्ही म्हणाल साध्या नेलपेंटवर हळद बसत नाही का. बसते की, तशीच बसते. फरक एवढाच की साधं नेलपेंट मी रिमूव्हरचा कापूस घेऊन पाच मिनिटांत काढते आणि त्या तीन बोटांना परत लावते. जेल काढायचं तर वरचा थर फाइलने घासायचा, अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस प्रत्येक नखावर ठेवून वर फॉइल गुंडाळायची, दहा-पंधरा मिनिटं तसंच बसायचं आणि मग काडीने हळूहळू सरकवायचं, नाहीतर परत पार्लर आणि परत पैसे. आमच्याकडे जेलचे पाच-सातशे सहज जातात, मोठ्या सलूनमध्ये हजाराच्या वर. एवढे घालून तिसऱ्या दिवशी पिवळी बोटं घेऊन दोन आठवडे फिरायचं, हे मला झेपत नाही.

यावर मैत्रिणीने उपाय सुचवला की मग गडद रंगाचं जेल कर, हळद दिसणारच नाही. बरोबर आहे, मरून, वांगी, बाटली ग्रीन यावर हळद अजिबात दिसत नाही. पण गडद जेलची वेगळीच कटकट. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे दोन आठवड्यांत मुळाशी दीड मिलिमीटरची उघडी चंद्रकोर, आणि गडद मरूनच्या खाली ती लांबूनसुद्धा दिसते. फिक्या शेडमध्ये हीच फट कळत नाही, नखाच्या रंगात मिसळून जाते. म्हणजे बघा, फिकं जेल घ्या तर वाढ लपते आणि हळद दिसते, गडद घ्या तर हळद लपते आणि वाढ दिसते. टिकतं हा जेलचा जो गुण त्यासाठी आपण पैसे देतो, रोज हाताने जेवणारीला तो पूर्ण वसूलच होत नाही. साधं नेलपेंट आठवड्याने बदलायचंच असतं त्यामुळे त्याला हा प्रश्नच येत नाही, फिकं लावा, गडद लावा.

बाकी गोष्टी पटापट सांगते. जेल ओरबाडून काढू नका, रंगासोबत नखाचे वरचे पदर निघतात आणि नख कागदासारखं वाकायला लागतं, ते वाढून पूर्ण बदलायला सहा महिने जातात. घरी लॅम्प आणून करणार असाल तर रंग कातडीला लागू देऊ नका, कारण नीट कडक न झालेल्या जेलमधल्या मेथाक्रिलेट्स नावाच्या रसायनांची अ‍ॅलर्जी होऊ शकते, ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याबद्दल जाहीरपणे सावध केलं होतं, आणि ही अ‍ॅलर्जी एकदा लागली की सहसा कायमची, पुढे दाताच्या काही फिलिंगला पण त्रास होऊ शकतो. टीपीओ नावाचा, लॅम्पखाली जेल कडक करायला मदत करणारा घटक असलेली जेल युरोपियन युनियनमध्ये १ सप्टेंबर २०२५ पासून बंद आहेत, म्हणून विकत घेताना टीपीओ-फ्री आहे का ते वाचा. आणि कोणाचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर नखं मोकळी ठेवायला सांगतात, बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावतात म्हणून, तेव्हा साधं नेलपेंट निघतं पटकन, जेलला धावपळ होते.

पील-ऑफ मला लहान मुलींसाठी आवडतं. रिमूव्हरचा वास नाही, सोलून काढायला त्यांना मजाही येते. मोठ्यांनी भांडी घासायची म्हटलं की पहिल्याच दिवशी कोपरा सुटतो. 'ब्रीदेबल' म्हणून मिळतात त्यातले रंग मला आवडतात, पण नखाला श्वास लागतो म्हणून घेऊ नका, नखाला जे काही मिळतं ते रक्तातून मिळतं, बाहेरच्या हवेतून नाही. लॅम्पशिवायचं 'जेल फिनिश' म्हणजे जवळजवळ साधं नेलपेंटच, वरचा टॉप कोट जाड आणि चकचकीत, साध्या रिमूव्हरने निघतं. सॅली हॅन्सनचं मिरॅकल जेल या प्रकारातलं, मला बरं वाटलं, थोडं महाग पडतं. ग्लिटर टिकतं भरपूर पण काढताना जेलसारखीच फॉइल लागते. मॅट दिसायला देखणं, पण फोडणीचं तेल लागलं की मधेमधे चमकायला लागतं, त्यामुळे स्वयंपाक करणारीने मॅटच्या नादी न लागलेलं बरं.

रंगांबद्दल थोडं जास्त बोलते कारण यात माझा जीव आहे. फिके पेस्टल घेताना क्रीम फॉर्म्युला, म्हणजे चमचम नसलेला एकसारखा दाट रंग, नीट बघून घ्या. त्यांच्यात पांढरं पिगमेंट जास्त असतं, पहिल्या कोटला ब्रशच्या रेघा उठतात आणि तिसरा कोट द्यायचा मोह होतो, तो दिला की वाळतच नाही. न्यूड शेड आपल्या सावळ्या हातांवर बाटलीत दिसतो त्यापेक्षा खडूसारखा पांढरा दिसू शकतो, त्याऐवजी थोडा तपकिरीकडे झुकणारा, चहाच्या रंगाचा घ्या. लाल आणि मरून लावताना खाली बेस कोट हवाच, नाहीतर नख स्वतःच पिवळं पडतं, आणि त्याला हळदीचं कारण लागत नाही, लाल पिगमेंटच पुरतं. माझा ठरलेला रंग आमसुली, म्हणजे कोकमाच्या सालीसारखा, सावलीत काळपट आणि उन्हात त्यातून लाल डोकावतो. हिरव्या पैठणीवर उठतो, जीन्सवर चालतो, वरण-भाताला घाबरत नाही. या रंगाच्या जवळपासचे शेड्स लॅक्मे, कलरबार, शुगर सगळ्यांकडे मिळतात, कुठलाही घ्या, क्रीम फिनिश घ्या म्हणजे झालं.

माझी पद्धत अशी की दोन पातळ कोट, प्रत्येक कोट नखाच्या टोकाच्या कडेवरून पण फिरवायचा, मग क्विक-ड्राय टॉप कोट, आणि दोन-तीन दिवसांनी परत एक टॉप कोट. याने माझं नेलपेंट आठवडाभर नेण्यासारखं राहतं. बाटली घट्ट झाली तर त्यात रिमूव्हर ओतू नका, नेलपेंटचं थिनर वेगळं मिळतं त्याचे दोन थेंब पुरतात. आणि सॅनिटायझर वापरत असाल तर टॉप कोट लवकर मंद पडतो, तेवढं लक्षात ठेवा.

जेल कोणी करावं असं विचाराल तर ज्यांना रोजचा स्वयंपाक करायचा नाही किंवा जे बरेचदा चमच्याने जेवतात, ज्यांना प्रवासात पंधरा दिवस नखांकडे बघायचं नाही, त्यांनी नक्की करावं, त्यांना ते फार सुख देईल. माझी मावसबहीण बंगळुरूला एकटी राहते, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवते, तिच्या फिक्या गुलाबी जेलवर मी कधी डाग पाहिला नाही, ती माझं हे सगळं ऐकून घेते आणि परत जेल करते.

नवरीचं मात्र वेगळं आहे. तिला जेल हवंच असतं, फोटो असतात, हातात चुडा असतो, मध्ये दुरुस्तीला वेळ नसतो. तिने मेंदीच्या आधी जेल उरकून घेऊ नये एवढंच सांगेन, कारण मेंदीनंतर हळद येते आणि ती सगळे मिळून कोपरापर्यंत चोळतात, फिकं जेल असेल तर नखं गेलीच. मेंदी आणि हळद दोन्ही होऊ द्या, हळदीच्या संध्याकाळी पार्लरवालीला घरी बोलवा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली वेळ आधीच घेऊन ठेवा. आणि हळद-लग्न एकाच दिवशी असेल तर सरळ गडद रंग ठरवा, डाळिंबी किंवा मरून, त्यावर हळद दिसत नाही आणि मुळाशी वाढ दिसायला लागेपर्यंत सत्यनारायणही झालेला असतो.