लग्नाची फाईल जुन्या डीव्हीडी प्लेअरवर लावायचीय: खरी डीव्हीडी करावी का पेन ड्राइव्ह?

लग्नाचा व्हिडिओ आजकाल एमपी४ फाईलमधे हातात येतो, आणि गावाकडं आजीच्या घरी अजून तोच जुना डीव्हीडी प्लेअर अन् डबा टीव्ही. आमच्याकडं परभणीला मागच्या लग्नसराईत हाच प्रश्न आला, तेव्हा मी दोन-तीन पद्धती करून बघितल्या. आत्ता कुणी ठरवायले असतील तर त्यांच्यासाठी लिहितो.

आधी एक बघून घ्या, टीव्हीलाच यूएसबी असेल तर पेन ड्राइव्ह सरळ टीव्हीला लावा, एमपी४ बहुतेक तशीच चालते, मग हे काही करायची गरज नाही. पण जुना प्लेअर असेल तर नुसती फाईल डिस्कवर कॉपी करून भागत नाही, आणि नाव बदलून एव्हीआय (जुन्या प्रकारची व्हिडिओ फाईल) केलं तरी नाही, कारण आतला व्हिडिओ एच.२६४ किंवा एच.२६५ या नव्या पद्धतीनं दाबलेला असतो आणि तो उलगडणारी चिपच त्या प्लेअरमधे नसते. कन्व्हर्ट करणं आलंच.

आता पहिली पद्धत म्हणजे खरी डीव्हीडी, दुकानात मिळायची तशी. व्हिडिओ एमपेग-२ या डीव्हीडीच्या जुन्या प्रकारात जातो, आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत चित्र ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम, आवाज ४८ किलोहर्ट्झचा. डीव्हीडीस्टाईलर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात एमपी४ टाकली की तेच कन्व्हर्ट करून डिस्क बनवून देतं. साध्या ४.७ जीबीच्या डिस्कवर (कॉम्प्युटर ती ४.३७ दाखवतो, घाबरू नका) चांगल्या क्वालिटीत दोन तास बसतात. चार तास कोंबता येतात पण मग अक्षता पडताना, जिथं सगळं चित्रच हलतं, तिथं चौकोन चौकोन दिसायला लागतात. तीन तासांचं लग्न असेल तर सरळ दोन डिस्क करा, हळद अन् सीमंतीपूजन एकीवर, लग्न दुसरीवर.

दुसरी पद्धत, एक्सव्हिड किंवा डिव्हएक्स या व्हिडिओ दाबायच्या जुन्या प्रकारातली एव्हीआय फाईल, ती डाटा डिस्कवर नसता पेन ड्राइव्हवर. यासाठी प्लेअरच्या तोंडावर डिव्हएक्सचा शिक्का पाहिजे, तो बघूनच पुढं जा. एव्हीडेमक्स नावाच्या सॉफ्टवेअरमधे होतं, तेही फुकट. व्हिडिओ एमपेग-४ एएसपी (एक्सव्हिड त्यातलंच), आवाज एमपी३, साईज ७२० बाय ४०० च्या पुढं नेऊ नका, आणि क्यूपेल अन् जीएमसी हे दोन ऑप्शन बंद ठेवा, ते चालू राहिले तर बरेच प्लेअर अडकतात. पेन ड्राइव्ह फॅट३२ मधे फॉरमॅट केलेला पाहिजे, आणि फॅट३२ वर एक फाईल ४ जीबीच्या वर जात नाही.

जागेच्या बाबतीत फरक लैच मोठा आहे. समजा गावातला सप्ताह शूट केलाय, सात दिवस, रोज दोन तासांचं कीर्तन, म्हणजे चौदा तास. खऱ्या डीव्हीडी करायच्या म्हटलं तर सात डिस्क. एक्सव्हिडमधे तासाला साधारण ६०० एमबी धरले तर साडेआठ जीबीच्या आसपास, म्हणजे १६ जीबीच्या एकाच पेन ड्राइव्हमधे सगळा सप्ताह बसून जागा उरते. कीर्तनात महाराज एकाच जागी उभे असतात, चित्र फार हलत नाही, त्यामुळं एवढ्यात क्वालिटी पण चांगली राहते. तिथं डिस्क करत बसायचं काहीच कारण नाही.

मग लग्नाला डिस्क का म्हणतो, तर बघणारं माणूस कोण आहे त्याच्यामुळं. पेन ड्राइव्ह लावला की स्क्रीनवर फाईलची यादी येते, नावं इंग्रजीत, काही प्लेअरमधे रिमोटचं यूएसबी बटण वेगळं दाबावं लागतं. आजीला हे जमत नाही अन् तिनं का शिकावं. डीव्हीडीस्टाईलरमधे मेन्यू काढूनच टाकला की डिस्क आत ढकलली की सरळ गणपतीपूजन सुरू. मी तसंच केलं, आणि आता दुपारी कुणाला हाक न मारता ती स्वतः लावते. अजून एक, खाली मराठी अक्षरं पाहिजे असतील तरीही डिस्कच बरी, डीव्हीडीमधे सबटायटल चित्र म्हणून जातात त्यामुळं देवनागरी नीट दिसते, एव्हीआयसोबतच्या एसआरटी या सबटायटलच्या फाईलीत जुना प्लेअर कानामात्र्याची वाट लावतो.

आवाजाचं मात्र दोन्हीकडं सांभाळा. मोबाईलचा व्हिडिओ एकसारख्या फ्रेमरेटचा (सेकंदाला किती फ्रेम) नसतो, कमी-जास्त होत राहतो. माझं एक कीर्तन असंच बिघडलं, सुरुवातीला बरोबर होतं, दीड तासानंतर पखवाजावर हात पडायचा अन् थाप मागून ऐकू यायची. आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधे कॉन्स्टंट फ्रेमरेट करून घेतला, मग कन्व्हर्ट केलं, तेव्हा जमलं. आणि मोबाईलचं ३० फ्रेमचं शूटिंग २५ वर आणलं की कॅमेरा फिरताना झटके दिसतात, त्यामुळं प्लेअर अन् टीव्ही दोन्ही एनटीएससी (अमेरिकेकडची टीव्ही पद्धत) घेत असतील तर २९.९७ फ्रेमचीच डिस्क करा.

व्हीसीडीचा पण पर्याय आहे, पण ३५२ बाय २८८ चं चित्र, एका सीडीत ८० मिनिटं, प्लेअर दुसरं काहीच घेत नसला तरच.

डिस्क करताना एकदम दहा काढू नका. पाच मिनिटांचा तुकडा रिरायटेबल डिस्कवर टाकून त्याच प्लेअरवर लावून बघा. डबा टीव्ही चित्राच्या कडा खातो, आमच्या पहिल्या डिस्कवर खालची वधू-वरांची नावं अर्धी कापली गेलती, मग ती वर घेतली. स्पीड ४ नसता ८ एक्स ठेवा, फायनलाईज (शेवटी डिस्क बंद करणं, म्हणजे प्लेअर ती वाचतो) करायला विसरू नका, आणि लाईटचा काही भरवसा नसतो, त्यामुळं राईट करताना लॅपटॉपची बॅटरी फुल पाहिजे, अर्ध्यात गेली की डिस्क वाया. वर स्टिकर चिकटवू नका, मार्करनं लिहा, आणि पत्र्याच्या घरात खिडकीजवळ तर अजिबात ठेवू नका, आपल्या मे महिन्यात डिस्क टिकत नाही.

आजीसाठी मी दोन कॉप्या काढल्यात, एक तिच्या कपाटात, एक आमच्याकडं. मूळ एमपी४ हार्ड डिस्कवर तशीच ठेवलीय, कारण डीव्हीडीवरून परत तेवढी चांगली फाईल निघत नाही.