आर्टेमियाची अंडी, हिवाळा ते पावसाळा: माल चांगला, पाकीट बेकार

जुलैत फायटर माशाची पिल्लं पोहायला लागली आणि नेमकी त्याच दिवशी, त्यांच्या खाण्यासाठी आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) अंडी फोडायला लावलेल्या बाटलीत तपकिरी थराखेरीज काही दिसेना. फुटलेल्या पिल्लांचा नारिंगी ढग नाहीच. मीठ नेहमीचंच, लिटरला 25 ग्रॅम जाडं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. पंपही तोच. जानेवारीत पुण्याच्या थंडीत बाटली हीटरच्या टाकीत तरंगत ठेवावी लागायची, तरी याच पाकिटातली अंडी दिवसाभरात फुटत होती.

विक्रेत्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुमच्या पाण्यात दोष असेल." मग मी एका मित्राकडून सीलबंद डब्यातली थोडी अंडी आणली आणि त्याच पाण्यात, त्याच दिव्याखाली शेजारी लावली. ती भरभरून फुटली. फोटो पाठवले, त्यावर उत्तर नाही.

दोष पाकिटाच्या झिपेचा आहे. पाव मिलिमीटरचे हे दाणे झिपेच्या खाचेत अडकतात. दोन-चार वेळा उघडलं की ती लागल्यासारखी वाटते, पण हवा आत जातेच. पावसाळ्यात फ्रीजमधून गार पाकीट बाहेर काढलं की दमट हवेतलं पाणी आत धरतं. अंड्यांतला ओलावा शेकडा 10 च्या वर गेला की आतला जीव अर्धवट जागा होतो आणि साठवलेली ताकद जाळत बसतो, पण फुटण्याइतकं पाणी त्याला मिळत नाही. नंतर कितीही सुकवा, गेलेली ताकद परत येत नाही. युटाच्या ग्रेट सॉल्ट लेकमधून एवढ्या लांब कोरडा आलेला माल इथे दोन रुपयांच्या पिशवीत भरून विकायचा, याचा मला खरंच राग येतो.

एप्रिलपर्यंत माझं मत होतं की डबा घेणं म्हणजे पत्र्याचे पैसे मोजणं. आता हिशेब उलटा झालाय. न फुटलेल्या अंड्यांचे पैसे धरले तर पाकीटच महाग पडतं. सध्या उरलेली अंडी काचेच्या छोट्या बाटल्यांत वाटून, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवली आहेत. एका वेळी एकच बाटली उघडतो, तीही खोलीच्या तापमानाला आल्यावर.

बाकी तक्रार नाही. पंप बंद करून दहा मिनिटं थांबलं की टरफलं वर, न फुटलेली अंडी तळाला आणि आर्टेमियाची पिल्लं दिव्याकडे. नळीने ओढून सुती फडक्यात गाळायची, गोड्या पाण्याने धुवायची आणि लगेच टाकायची. पुढची कात टाकेपर्यंत ती काही खात नाहीत, पोटातल्या बलकावर जगतात. त्यामुळे उशीर केला तर माशांना पोषण कमी मिळतं. फायटरची पिल्लं ती खाऊन पोटं नारिंगी करून फिरतात, त्याला तोड नाही.

आर्टेमियाची पिल्लं मोठी करायची असतील तर बादलीत स्पिरुलिना (हिरवट शेवाळाची) पावडर अगदी जराशी टाका, पाणी हिरवट दिसेल इतकीच. पाणी पुन्हा स्वच्छ झाल्याशिवाय दुसरी चिमूट नाही. दोन-तीन आठवड्यांत सेंटिमीटरभर होतात, पण हाती मूठभरच लागतात. एंजल माशांची जोडी अंड्यावर आणायला तेवढी पुरतात. रोजच्या खाण्यासाठी हा खटाटोप परवडत नाही.

वडाळ्याच्या मिठागरांतही आर्टेमियाची नोंद झालेली आहे. कुणी इथलीच अंडी धड डब्यात भरून विकली तर मी पहिला घेईन.