लंडन-पॅरिस सायकल राइड: पदरमोड की स्पॉन्सरशिप?

चॅरिटीसाठी लंडन ते पॅरिस सायकलने जायचं तर पैशाचे दोन रस्ते असतात. एक मिनिमम स्पॉन्सरशिप, म्हणजे रजिस्ट्रेशन फी भरायची आणि ठरलेली रक्कम लोकांकडून जमवायची, पण त्यातूनच तुमचं हॉटेल, न्यूहेवन-दिएपची फेरी बोट (इंग्लंडहून फ्रान्सला जाणारी), सपोर्ट व्हॅन सगळं भागतं आणि उरलेलं संस्थेला. दुसरा सेल्फ फंडिंग, खर्च आपला आपण करायचा, जमलेलं सगळं संस्थेला.

मला दुसराच पटतो. ऑफिस साफ करणाऱ्या बाईंनी पाच पाउंडाची घडी घातलेली नोट माझ्या हातात ठेवली आणि विचारलं, हे पेशंटनाच जाणार ना? मला लगेच हो म्हणता आलं, त्याचं फार बरं वाटलं. शिवाय गिफ्ट एड या देणग्यांसाठीच्या ब्रिटिश सरकारी योजनेत टॅक्स भरणाऱ्याने दिलेल्या प्रत्येक पाउंडावर सरकार 25 पेन्स वर घालतं, पण ट्रिपचा खर्च देणग्यांतून निघत असेल तर घरच्यांच्या पैशांवर ते सहसा मिळत नाही.

अर्थात स्टुडंट असाल तर पदरमोड कुठून करणार, मग पहिला रस्ता घ्या, लाजू नका, फक्त किती पैसे ट्रिपला जातात ते देणग्या जमवायच्या पेजवर स्पष्ट लिहा. आणि अटी नीट वाचा, रक्कम पुरी झाली नाही तर काही ठिकाणी फरक आपल्यालाच भरावा लागतो.