‘होप’ की ‘विश’? आणि ‘विश’ असेल तर पुढे काय?

जूनचा दुसरा आठवडा, नागपूर. हवा दमट झाल्यामुळे कूलरचा काही उपयोग उरलेला नाही आणि पाऊस नुसता हुलकावण्या देतो आहे. अशा वेळी इंग्रजीत ही चार वाक्यं बोलता येतात:

आय होप इट रेन्स टुनाइट.
आय विश इट वॉज रेनिंग.
आय विश इट वुड रेन.
आय विश इट हॅड रेन्ड यस्टर्डे.

चारही बरोबर आहेत, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. आपली मुलं वाक्य जुळवताना आधी काळ शोधतात. उद्याची गोष्ट आहे, मग ‘विल’ लावा, आणि तयार होतं ‘आय विश इट विल रेन’. हे चूक आहे. माझ्या मते पहिला प्रश्न काळाचा नाहीच. ही गोष्ट घडू शकते असं बोलणाऱ्याला वाटतं का, हे आधी ठरवायचं. वाटत असेल तर ‘होप’ घ्या, आणि पुढे साधा वर्तमानकाळ किंवा ‘विल’ लावा. मैत्रिणीची परीक्षा उद्या असेल तर ‘आय होप यू पास’. तिथे ‘आय विश यू पास’ म्हणता येत नाही. मात्र ‘विश’नंतर नाम चालतं: ‘आय विश यू सक्सेस’. वाढदिवसाच्या शुभेच्छा याच साच्यातल्या.

वास्तव इच्छेच्या उलट असेल तर ‘विश’. खरी अडचण इथून पुढे आहे, आणि तिचं मूळ आपल्या मराठीत आहे. ‘माझ्याकडे पैसे असते तर!’ हे वाक्य आजच्या खिशाबद्दल असू शकतं, गेल्या दिवाळीबद्दलही. मराठीत संदर्भावरून भागतं, इंग्रजीत निवड करावीच लागते. आजचं दुःख असेल तर साधा भूतकाळ: ‘आय विश आय हॅड मनी’. तेव्हाचं असेल तर पास्ट परफेक्ट: ‘आय विश आय हॅड हॅड मनी’. दोनदा ‘हॅड’ कानाला खटकतं, पण ते अगदी शुद्ध आहे.

विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट वेटिंगवर अडकलं आहे असं समजा. ‘आय विश आय हॅड अ कन्फर्म्ड तिकीट’ हे आत्ताचं बोलणं आहे, तिकीट हातात नाही. ‘आय विश आय हॅड बुक्ड अर्लिअर’ हा झालेल्या गोष्टीचा पश्चात्ताप आहे. पहिल्या वाक्यातला ‘हॅड’ मुख्य क्रियापद आहे, दुसऱ्यातला साहाय्यक. ही जोडी पक्की झाली की निम्मं काम झालं. म्हणून सराव इथेच करावा, बाकीचं नंतर.

‘वुड’ मी सगळ्यात शेवटी शिकायला सांगेन, कारण त्याला एक सूर आहे. समोरच्यानं वागणं बदलावं, एखादी गोष्ट आता तरी घडावी, अशी अधीरता त्यात असते. सीताबर्डीच्या गर्दीत मागून कुणी हॉर्न वाजवत राहिला तर ‘आय विश ही वुड स्टॉप हाँकिंग’ अगदी चपखल. साहेबांना मात्र ‘आय विश यू वुड रिप्लाय सूनर’ लिहू नका. ती विनंती वाटत नाही, तक्रार वाटते. स्वतःबद्दलही ‘वुड’ नको. ‘आय विश आय वुड स्पीक बेटर’ चूक, ‘आय विश आय कुड स्पीक बेटर’ बरोबर. आणि जे बदलणारच नाही तिथेही नको: ‘आय विश नागपूर वर निअर द सी’. इथे ‘वॉज’ बोलण्यात सर्रास चालतं, पण अर्जात किंवा परीक्षेत ‘वर’ लिहिणं सुरक्षित.

ऐकताना एक फसगत होते. ‘आय विश यूड टोल्ड मी’ आणि ‘आय विश यूड टेल मी’ यांत ‘यूड’ सारखंच ऐकू येतं. पहिलं ‘यू हॅड’ आहे, दुसरं ‘यू वुड’. पुढच्या क्रियापदाकडे लक्ष दिलं की उलगडतं. अमेरिकी बोलण्यात ‘आय विश यू वुड हॅव टोल्ड मी’ ऐकू येईल, पण परीक्षेत ते लिहू नये.

अर्जातलं ‘आय विश टू अप्लाय’ वेगळंच आहे. तिथे ‘विश’ म्हणजे ‘वाँट’चं औपचारिक रूप, वरचे नियम त्याला लागत नाहीत.

निमंत्रणाचं उत्तर देताना मात्र नीट विचार करा. ‘आय विश आय कुड कम’ म्हणजे तुम्ही येणार नाही, हे सभ्यपणे कळवलं. ‘आय होप आय कॅन कम’ लिहिलंत, तर लग्नघरातली माणसं पंगतीत तुमचं पान धरून ठेवतील.